गाठ परत आली म्हणून लगेच केमो नाही

फॉलिक्युलर लिम्फोमा हा लसीका गाठींचा कॅन्सर, सावकाश वाढतो. औषधाने दबतो, कित्येक वर्षं गप्प राहतो आणि एक दिवस मानेत किंवा काखेत पुन्हा हाताला लागतो. घरचे विचारतात, "केमो कधीपासून?" त्याआधी बघायचं ते हे की आजार तोच आहे का, आणि उपचार आत्ताच हवेत का.

पहिलं बायोप्सीशिवाय कळत नाही. हा लिम्फोमा कधीकधी रूप बदलून वेगाने वाढणारा होतो, मग औषधंही वेगळी लागतात. म्हणून आधी पेट (PET) स्कॅन, म्हणजे जोमाने वाढणाऱ्या गाठी चमकून दाखवणारा अख्ख्या शरीराचा स्कॅन, आणि त्यात सगळ्यात जास्त चमकलेली गाठ शक्यतो अख्खी काढायची. सुईच्या तपासणीत पेशी मिळतात, गाठीची घडण दिसत नाही. बाटलीत फॉर्मॅलिन गाठीच्या दहापट तरी असावं. नुसत्या सलाईनमध्ये रात्रभर राहिलेला नमुना वाया जातो. सूज उतरायला कुणी स्टेरॉईड दिलं असेल तर तेही सांगा, कारण त्याने गाठ आक्रसते आणि रिपोर्ट फसवतो. (बायोप्सी न करताच टीबीच्या गोळ्या सुरू करणं हा आपल्याकडचा जुना रोग.) सोलापूरहून सिद्धेश्वर एक्स्प्रेसने मुंबई गाठणार असाल तर पिशवीत नुसता रिपोर्ट नको, गाठीचा तुकडा जपलेला मेणाचा ब्लॉक आणि स्लाइड्सही लॅबमधून मागून घ्या.

आजार तोच निघाला, गाठी लहान आहेत, ताप, रात्रीचा घाम, वजन घटणं नाही, रक्तपेशी ठीक आहेत, तर दर तीन महिन्यांनी तपासत थांबता येतं. हा हलगर्जीपणा नव्हे. 7 सेंमीच्या पुढची गाठ किंवा कुठल्या अवयवावर दाब असेल तर मात्र थांबू नये. एकाच गाठीचा त्रास असेल तर 4 ग्रेचं (ग्रे हे किरणांच्या डोसचं माप) रेडिएशन दोन बैठकांत होतं आणि बरेचदा पुरतं.

औषध निवडताना पहिल्या उपचारानंतर आजार किती दिवसांनी परतला हे मोजतात. पहिल्या केमोपासून 24 महिन्यांच्या आत परतला तर तो चिवट समजायचा.

रिटुक्सिमॅब या अँटिबॉडी इंजेक्शनसोबत लेनालिडोमाइडच्या कॅप्सूल ही जोडी आता बरीच वापरतात. कॅप्सूल साधारण 20 मिग्रॅ, 21 दिवस घ्यायची, 7 दिवस सुट्टी, अशी 12 चक्रं. किडनी कमजोर असेल तर डोस निम्मा करतात, म्हणून क्रिएटिनिन आधी बघतात. सोलापूरच्या मे महिन्यात पाणी कमी पडून ते एकाएकी चढू शकतं. एकच पाय सुजला तर रक्ताची गुठळी असू शकते, 100.4 फॅरनहाइटच्या वर ताप म्हणजे पांढऱ्या पेशी घटल्या असतील. दोन्हींत सकाळची वाट बघू नका. रिटुक्सिमॅबआधी हिपॅटायटिस बीच्या दोन तपासण्या लागतात: एचबीएसएजी आणि अँटी-एचबीसी. दुसरी हमखास राहते. लपलेला विषाणू मग यकृतावर उलटतो.

बेंडामस्टिन हे केमोचं औषध गुणकारी आहे, पण टी-पेशी (प्रतिकार करणाऱ्या पांढऱ्या पेशी) दीर्घकाळ दुबळ्या करतं. पुढे कार-टी, म्हणजे पेशंटच्याच टी-पेशी लॅबमध्ये बदलून कॅन्सरवर सोडण्याचा उपचार, करायची झाली तर त्याच पेशी काढून घ्यायच्या असतात. आयआयटी मुंबई आणि टाटा मेमोरियलच्या संशोधनातून आलेल्या नेक्सकार19 या कार-टी उपचाराला ऑक्टोबर 2023 मध्ये भारतात मंजुरी मिळाली, तेव्हा हा विचार आता इथल्या पेशंटलाही लागू होतो. बेंडामस्टिन लिहून देताना "पुढे कार-टी लागली तर?" एवढं विचाराच.

महात्मा फुले योजनेत यातली कुठली औषधं बसतात ते अॅडमिट होण्याआधी रुग्णालयातल्या आरोग्यमित्राला औषधाचं नाव दाखवून विचारा. "कॅन्सर योजनेत बसतो" एवढ्या उत्तरावर उठू नका.