फळ्यावरचा कोळसुंदा

१९८१ साली मी आपल्या शाळेत नववीत होतो. इंग्रजीचे सर रोज फळ्याच्या उजव्या कोपऱ्यात एक नवा शब्द लिहायचे. त्या दिवशी डी-एच-ओ-एल-ई अशी पाच अक्षरं लिहिली आणि मला उभं केलं. मी मोठ्यानं वाचलं, "ढोले!" वर्ग हसला, सर हसले नाहीत. म्हणाले, "आपल्या हिशेबानं बरोबर वाचलंस. पण याचा उच्चार 'डोल'. एच गप्प, शेवटचा ई पण गप्प." मग पुठ्ठा निसटलेला शब्दकोश माझ्या हातात दिला. अर्थ एका ओळीचा होता. कळपानं शिकार करणारा हिंदुस्थानातला रानकुत्रा.

"आपल्याकडं काय म्हणतात रे याला?"

उत्तर मला येत होतं. कोयनेच्या वरच्या अंगाला आमची वाडी. गुरं चारताना रानातून शीळ आली की आजोबा म्हणायचे, "कोळसुंदी आली, वासरं आत घे." पण आजोबांच्या तोंडचा शब्द इंग्रजीच्या तासाला चालेल असं वाटेना. सरांनी पुन्हा विचारलं, तेव्हा पुटपुटलो. सरांनी खडू उचलला आणि डोलच्या शेजारी, त्याच्याएवढ्याच अक्षरांत 'कोळसुंदा' लिहिलं. शनिवारपर्यंत ते कुणाला पुसू दिलं नाही.

पुढं वनखात्यात लागलो. प्रशिक्षणाच्या वेळी ग्रंथालयात एका जुन्या यादीपाशी थबकलो. साइक्स नावाच्या लष्करी अधिकाऱ्यानं दख्खनच्या प्राण्यांची ही यादी १८३१ मध्ये लंडनच्या प्राणिशास्त्र संस्थेपुढं ठेवली होती. आपल्या रानकुत्र्याला त्यानं दख्खनवरून 'डुखुनेन्सिस' हे शास्त्रीय नाव दिलं होतं, आणि मराठे याला 'कोलसुन' म्हणतात अशी नोंद केली होती. म्हणजे जो शब्द वर्गात उच्चारायला मी कचरलो, तो दीडशे वर्षं आधीच लंडनला छापून झाला होता! पॅलास या शास्त्रज्ञानं १८११ मध्येच या जातीला 'अल्पिनस' म्हटलेलं असल्यानं तेच जातीचं नाव राहिलं. पण भारतीय द्वीपकल्पातल्या उपजातीला 'डुखुनेन्सिस' अजून लावतात. आणि 'डोल'? हा शब्द मुळात कुठल्या भाषेतला, याचा निकाल इंग्रजी कोशकारांनाही लावता आलेला नाही. त्यामानानं आपल्या शब्दाचा पत्ता पक्का आहे.

नोकरीत मात्र दोन्ही नावं बाजूला पडलेली दिसली. नोंदवहीत सर्रास 'वाइल्ड डॉग'. या नावात आफ्रिकेतला ठिपक्यांचा कुत्राही येतो आणि गावाबाहेर उकिरड्यावर फिरणारी मोकाट कुत्रीही. मराठीतही तेच. मोकाट कुत्र्यांनी शेळी मारली की बातमी येते, 'रानकुत्र्यांचा हल्ला'. मला हे फार लागतं. कोळसुंदा म्हणजे बिघडलेलं पाळीव कुत्रं नव्हे. कुत्र्याला ४२ दात, याला ४०. अंग तांबूस, शेपूट झुपकेदार नि काळपट, आणि भुंकण्याऐवजी शीळ. जगभरात आता याची संख्या इतकी घटली आहे की तो संकटग्रस्त जातींच्या यादीत आहे. नाव चुकलं की दोष भलत्याच्याच माथी जातो. म्हणून माझ्या हाताखालच्या प्रत्येक वनरक्षकाला मी आधी नाव शिकवलं, मग पावलाचा ठसा.

निवृत्तीच्या आदल्या वर्षी बुद्धपौर्णिमेच्या गणनेला पाणवठ्यावरच्या मचाणावर बसलो होतो. उजाडता उजाडता करवंदीच्या जाळीमागून शीळ आली, पलीकडून दुसरी. मग एकेक करून सात जण पाण्यावर आले. एकानं चारही पाय पाण्यात टाकून बसकण मारली, आणि शेपटीचं काळं टोक तेवढं पाण्यावर तरंगत राहिलं. सोबतच्या पोरानं बॅटरीच्या उजेडात तक्ता पुढं केला. मी प्राण्याच्या रकान्यात 'डोल' लिहिलं, संख्या ७. शेऱ्याच्या रकान्यात, तेवढ्याच मोठ्या अक्षरांत, 'कोळसुंदा'.