टीवायच्या वर्गाला मॉडेलिंग शिकवताना

आमच्या तालुक्याच्या कॉलेजात टीवायला, म्हणजे पदवीच्या तिसऱ्या वर्षाला, मॉडेलिंगचा, म्हणजे खऱ्या घटनांना गणिताची समीकरणं बसवण्याचा, पेपर कुणालाच नको असायचा. रिअल अ‍ॅनालिसिसच्या नोट्स वर्षानुवर्षं तयार असतात, प्रमेयं ठरलेली असतात, पोरं पाठांतर करून का होईना पण सुटतात. इथं सिलॅबसमध्ये नुसतं ‘लोकसंख्यावाढ, टाकीतून पाण्याचा निचरा, साथरोग, रांगा’ एवढं लिहिलेलं. वर्कलोड वाटताना ज्येष्ठांनी आपापले पेपर सोडले नाहीत. मी तासिका तत्त्वावरची, त्यामुळे उरलेला पेपर आपोआप माझ्याकडे आला.

समीकरण सोडवण्यात आमची मुलं पटाईत आहेत. चल (व्हेरिएबल्स) वेगळे करा, इंटिग्रेट करा, स्थिरांक काढा, खाली दोन रेघा मारा. पण ते समीकरण आलं कुठून असं विचारलं की सगळ्यांच्या माना खाली. म्हणून ठरवलं की आधी भोक पाडायचं.

लॅबमधला पाण्याचा एक सरळ दंडगोल डबा घेतला. व्यास २७ सेंटिमीटर, पाणी ३६ सेंटिमीटरपर्यंत, तळाशी ६ मिलिमीटरचं भोक. मागच्या बाकावरच्या एकाने ड्रिल घरून आणलं. भोक पाडण्यापूर्वी प्रत्येकाने वहीत एकच गोष्ट लिहायची होती: पातळी अर्ध्यावर यायला एकूण वेळेतला किती वेळ लागेल? बहुतेकांनी ‘निम्मा’ लिहिलं. भोकातून सुटणारा वेग उंचीच्या वर्गमुळाच्या प्रमाणात असतो हे टॉरिचेलीचं म्हणणं त्यांना फिजिक्समध्ये होतं, पण ते फिजिक्सच्या वहीत. त्यावरून हिशेब केला तर पहिली निम्मी उंची जेमतेम २९ टक्के वेळेत उतरते. डब्याला पट्टी चिकटवून मोबाइलवर वेळ धरली, तर हे गुणोत्तर बऱ्यापैकी जुळलं.

एकूण वेळ मात्र जुळेना. सूत्र म्हणतं नऊ मिनिटं, डबा रिकामा व्हायला पंधराच्या आसपास. “मॅडम, भोक लहान पडलंय,” एक जण. “घड्याळ चुकलंय,” दुसरा. मी धारेकडे बघायला सांगितलं. पातळ भिंतीतल्या भोकातून बाहेर पडताच धार आकसते, तिचा छेद भोकाच्या साधारण ६२ टक्केच उरतो. आपण भोकाचं क्षेत्रफळ म्हणजेच धारेचं क्षेत्रफळ हे न बोलता धरलं होतं. त्या दिवसापासून प्रत्येक उदाहरणाच्या आधी ‘आपण काय काय धरलं’ असं एक पान लिहायचा नियम केला. सुरुवातीला पोरं त्याला वैतागली. पानभर मराठी लिहायचं तर मग गणित कशाला घेतलं, असं त्यांचं म्हणणं!

साथरोगाच्या युनिटला मी पुस्तकातलं उदाहरण सोडून सरळ मुंबईला गेले. करमॅक आणि मॅकेंड्रिक यांच्या १९२७ च्या निबंधावर साथीच्या गणिताची आजची बरीचशी इमारत उभी आहे. त्यातली आकडेवारी १७ डिसेंबर १९०५ ते २१ जुलै १९०६ या काळात मुंबई बेटावर प्लेगने झालेल्या मृत्यूंची आहे. मॅकेंड्रिक इंडियन मेडिकल सर्व्हिसमध्ये भारतात काम केलेला डॉक्टर. करमॅक रसायनशास्त्रज्ञ, १९२४ मध्ये प्रयोगशाळेतल्या अपघातात त्याची दृष्टी गेली होती. दर आठवड्याच्या मृत्यूंना त्यांनी लावलेलं सूत्र असं: ०.२ गुणिले आठवडे, वजा ३.४, याचा हायपरबोलिक सेकंट (शून्यापाशी सर्वांत मोठं असणारं आणि दोन्हीकडे उतरत जाणारं फलन), त्याचा वर्ग, गुणिले ८९०. शिखर सतराव्या आठवड्याला, हे तोंडी निघतं. आलेखावर ठिपके आणि रेघ इतके जवळ बसतात की वर्ग खूश झाला. असं जुळणारं काही आमच्याकडे सहसा येत नाही.

मग त्याच सूत्राचं इंटिग्रेशन करायला लावलं. एकूण मृत्यू ८,९०० निघतात. आता साथ का ओसरली? पाठ केलेलं उत्तर तयार होतं: लागण होऊ शकेल अशी माणसं कमी झाली म्हणून. तेव्हाच्या मुंबईची वस्ती दहा लाखांच्या घरात होती, एवढंच मी फळ्यावर लिहिलं. थोड्या वेळाने एक मुलगी म्हणाली, “मग बाकीचे जवळपास दहा लाख कुठे गेले, मॅडम?”

हाच प्रश्न मला हवा होता. प्लेग उंदरांचा आणि त्यांच्यावरच्या पिसवांचा. मुंबईत तो वर्षामागून वर्षं हिवाळ्याअखेरीस चढायचा आणि उन्हाळा तापला की उतरायचा. समीकरणात ना उंदीर, ना ऋतू. माणसांमधला प्लेग हे उंदरांमधल्या प्लेगचं प्रतिबिंब आहे असं आपण धरतोय, हे त्या दोघांनी स्वतःच लिहून ठेवलंय. पुढच्या पुस्तकांनी आलेख घेतला आणि ते वाक्य गाळलं. वर्गातल्या एकाने घरी ऐकलेलं सांगितलं, की पणजोबांच्या वेळी उंदीर पडायला लागले की अख्खं गाव रानात झोपड्या टाकून राहायचं. म्हणजे गावाच्या मॉडेलमध्ये उंदीर होता! माझ्या मते रेघ जुळली म्हणजे कारण सापडलं, हा समज मोडण्यासाठी याच्याइतकं चांगलं उदाहरण नाही. त्यासाठी दोन तास जास्त गेले तरी चालतील. लोकसंख्यावाढ एका तासात उरकली तरी कुणाचं काही बिघडत नाही.

प्रोजेक्टला मी विषय दिले नाहीत. बहुतेकांनी व्याजदर आणि ईएमआय आणले, ते ठीकठाक झाले. दोघी बहिणींनी मात्र साखर कारखान्याच्या काट्यावरची ऊसगाड्यांची रांग घेतली. गाडी उन्हात थांबली की ऊस वाळतो, वजन घटतं, हे त्यांनी घरीच पाहिलेलं. पुस्तकातलं रांगेचं मॉडेल गाड्या पॉयसन पद्धतीने, म्हणजे एकमेकींशी संबंध न ठेवता येतात असं धरतं. धाकटी म्हणाली, “मॅडम, टोळ्या पहाटे तोडायला लागतात. दुपारनंतर सगळ्या गाड्या भरतात आणि एकदमच काट्यावर येतात. सकाळी काटा मोकळा असतो.” दिवसाची सरासरी घेतली तर रांग जेमतेम दिसते, तासातासाने मोजली तर संध्याकाळी रस्त्यापर्यंत जाते. त्यांनी पुस्तकातलं सूत्र टाकून दिलं, स्प्रेडशीटमध्ये दर तासाला आलेल्या आणि रिकाम्या झालेल्या गाड्यांची वजाबाकी केली. गणित चौथीचं, पण काम टीवायचं.

तोंडी परीक्षेला बाहेरून आलेल्या परीक्षकांनी त्यांचं जर्नल चाळलं आणि विचारलं, “यात फॉर्म्युला कुठे आहे?” थोरलीने धीराने सगळं सांगितलं. त्यांनी मान डोलावली आणि ईएमआयवाल्यांपेक्षा दोन मार्क कमी दिले. मला त्याचा राग आला, अजूनही आहे.

इंटर्नलचे मार्क माझ्या हातात आहेत. त्यातले निम्मे मी आता ‘आपण काय धरलं’ या पानाला देते आणि हे सेमिस्टरच्या पहिल्याच तासाला सांगते. लेखी पेपरात ‘सोडवा’ आणि ‘सिद्ध करा’ एवढंच येतं. त्यामुळे शेवटी शेवटी मीही मुकाट्याने जुने पेपर काढते आणि चल वेगळे करून घेते.