बर्बन आणि गोडधोड, नोंद ४: सॉस जमला, पेकान पाय अजून नाही

मंडळी, सहा आठवड्यांनी लिहितोय. मागच्या नोंदीत ब्रेड पुडिंगचा सॉस तुरट झाल्याचं सांगून थांबलो होतो. ते कोडं सुटलंय, म्हणून आधी तेच.

नव्याने वाचणाऱ्यांसाठी थोडक्यात: मी अमेरिकेतल्या केंटकी राज्यात, लुईव्हिलला राहतो. इथल्या घराघरांत होणारे जुने गोड पदार्थ आणि त्यांच्या जोडीची कॉकटेल्स या हिवाळ्यात एकेक करून शिकायची ठरवली आहेत. सगळ्यांसाठी बर्बन (मुख्यतः मक्यापासून केलेली अमेरिकन व्हिस्की) एकच, ‘इव्हान विल्यम्स’ची पांढऱ्या लेबलची ‘बॉटल्ड इन बाँड’. १८९७ च्या कायद्याने या शब्दांना नेमका अर्थ दिलाय: एकाच डिस्टिलरीत, एकाच हंगामात काढलेली, किमान ४ वर्षं पिंपात मुरलेली आणि बरोबर ५० टक्के अल्कोहोलची. लोणी, साखर आणि क्रीम एकत्र आले की ४० टक्क्यांची बर्बन त्यात बुडून जाते. ५० टक्क्यांची टिकते. स्वयंपाकासाठी फार महाग बाटली नको, पण कडक हवी, हे माझं आता पक्कं मत झालंय.

तर सॉस. पहिल्या खेपेला मी ६० मिली बर्बन लोणी-साखरेबरोबरच पातेल्यात घातली आणि दहा मिनिटं उकळली. घरभर सुंदर वास सुटला आणि तिथेच चूक झाली. वास घरात गेला म्हणजे सॉसमधून गेला. मागे उरला तो लाकडाचा तुरटपणा. दुसऱ्या खेपेला सगळी बर्बन गॅस बंद करून घातली. वास टिकला, पण घशाला जळजळ झाली आणि पुडिंग बाजूला राहून दारूच पुढे आली.

उत्तर सापडलं ते बासुंदी आटवताना. वेलदोड्याची पूड आपण कधी उकळत्या दुधात घालत नाही. आईने लहानपणापासून बजावलेलं, ‘गॅस बंद कर आणि मग घाल, नाहीतर वास उडून जातो.’ पण मसालेभातात तोच वेलदोडा सुरुवातीला तेलात पडतो, कारण तिथे तो मुरायला हवा असतो. बर्बनकडून मला दोन्ही हवं होतं, मुरलेली चवही आणि ताजा वासही. मग दोनदा घालून पाहिली. ११५ ग्रॅम लोणी आणि १५० ग्रॅम ब्राउन शुगर मंद आचेवर विरघळवली, त्यात ३० मिली बर्बन घालून तीन मिनिटं शिजवली, १२० मिली क्रीम घालून सॉस चमच्याला चिकटेल इतका दाट केला. मग पातेलं खाली उतरवून पाच मिनिटं थांबलो आणि उरलेली २० मिली ढवळून घातली. चिमूटभर मीठ. जमलं. तीन वेळा पुन्हा केला, तिन्ही वेळा जमला.

व्हॅनिला इसेन्स मात्र काढून टाकलाय. बर्बनमध्ये कायद्याने रंग किंवा स्वाद मिसळता येत नाही. ती कोऱ्या, आतून जाळलेल्या ओकच्या पिंपातच मुरवावी लागते आणि व्हॅनिलाचा जो वास येतो तो त्या ओकमधूनच उतरतो. त्यावर बाटलीतला इसेन्स ओतला की पिंपाचं सगळं काम झाकलं जातं.

एक कळकळीची सूचना: पेटत्या गॅसवर बाटलीतून थेट ओतू नका. ५० टक्क्यांची बर्बन सहज पेट घेते आणि ज्योत धारेवरून वर येऊ शकते. वाटीत मोजून घ्या, बाटली लांब ठेवा, आणि ओतताना पातेलं आचेवरून बाजूला घ्या.

पुडिंगचं फार सांगण्यासारखं नाही. दोन दिवसांचा शिळा ब्रेड, ४ अंडी, दूध आणि क्रीम मिळून पाऊण लिटर, अर्धा तास भिजवून १७५ अंश सेल्सिअसवर पाण्याच्या ट्रेमध्ये पाऊण तास. ब्रेड खरंच शिळा असू द्या, ताज्याचा लगदा होतो.

आता पेकान पाय (अक्रोडासारख्या पेकानचं गोड सारण पिठाच्या पारीत भरून भाजलेला पदार्थ), आणि या हिवाळ्यातला माझा सगळ्यात मोठा आनंद. इथे शरद ऋतूत सोरघम सिरप मिळतं. सोरघम म्हणजे ज्वारी. गोड धाटांच्या ज्वारीचा रस चरकातून काढून, मळी काढत काढत आटवतात. रंग, धार, वास सगळं आपल्या काकवीसारखं, फक्त मागे किंचित हिरवट, मातकट चव. मी सोलापूरकडचा, ज्वारीच्या भाकरीवर वाढलेला. फोनवर आईला सांगितलं तर म्हणाली, ‘अरे, ज्वारीची काकवी कोण करतं? धाटं तर जनावरांना घालतात.’ पण करतात. आपल्या फलटणच्या निंबकर कृषी संशोधन संस्थेनेही ‘मधुरा’ ही गोड ज्वारी तयार केली आहे आणि तिच्या रसापासून सिरप केलंय. हे तिला सांगितल्यावर तिने एक बाटली घेऊन यायला सांगितलंय.

पायमध्ये कॉर्न सिरपऐवजी (मक्याच्या पाकाऐवजी) निव्वळ सोरघम घातलं तर बर्बनही कळेना आणि पेकानही. निम्मं-निम्मं केल्यावर चव बसली, पण मधला भाग अजून ओला राहतोय. गेल्या रविवारी थर्मामीटर खुपसून पाहिला तर मध्यभागी ८६ अंश. ९३ अंशांपर्यंत न्यायला हवा, आणि तेवढ्यात कडा करपतात. पुढच्या वेळी कडांवर फॉइल लावून बघेन. कुणाचा काही अनुभव असेल तर जरूर सांगा.

हा पाय एका मित्राकडे नेला होता. त्याच्या घरी कुणी दारूला शिवत नाही, म्हणून यात बर्बन आहे हे दारातच सांगितलं. भाजल्यावर अल्कोहोल पूर्ण उडून जातं, हा समज चुकीचा आहे. अमेरिकेच्या कृषी खात्याच्या तक्त्यानुसार तासभर शिजल्यावरही साधारण पाव हिस्सा उरतो. लहान मुलं, गरोदर बाई, व्रत पाळणारं कुणी, यांना विचारूनच वाढा. मित्राच्या घरच्यांसाठी मी वेगळा, बिनबर्बनचा पाय केला होता.

पेयांकडे येतो. सोरघमचं ‘ओल्ड फॅशन्ड’ हे कॉकटेल आता हातात बसलंय. सिरप थंड बर्बनमध्ये विरघळत नाही, तळाशी बसतं, म्हणून दोन भाग सिरपमध्ये एक भाग गरम पाणी घालून पातळ करून ठेवतो. त्याचा एक चहाचा चमचा, ६० मिली बर्बन, अँगोस्टुरा बिटर्सचे (कडवट, मसालेदार अर्काचे) दोन झटके, मोठा बर्फ, अर्धा मिनिट ढवळणं, आणि वरून संत्र्याच्या सालीचं तेल पिळणं. दारू, साखर, पाणी, बिटर्स: १८०६ साली न्यूयॉर्क राज्यातल्या हडसन गावच्या वर्तमानपत्रात ‘कॉकटेल’ची व्याख्या छापली गेली, तीही हीच.

पण पुडिंगबरोबर ते देऊ नका. गोडावर गोड, दोन्ही मंद होतात. तिथे ‘व्हिस्की सावर’ हे आंबट कॉकटेल हवं: ६० मिली बर्बन, २२ मिली लिंबाचा रस, २२ मिली साखरेचा पाक आणि एका अंड्याचा पांढरा. आधी बर्फाशिवाय, मग बर्फ घालून शेकर हलवा, फेस दाट येतो. लिंबाने जीभ धुतली जाते आणि पुढचा घास पुन्हा पहिल्यासारखा लागतो. मक्याच्या जोडीला राय या धान्याऐवजी गहू घातलेली मऊ बर्बन इथे मला कमी पडली. ती नुसती प्यायला छान.

पुढचा पदार्थ बर्बन बॉल्स. केंटकीतल्याच फ्रँकफर्टला १९१९ साली दोन शिक्षिकांनी सुरू केलेल्या ‘रिबेका रूथ’ या चॉकलेटच्या दुकानामुळे ते केंटकीभर पोचले. यात आच नाहीच. पेकान बर्बनमध्ये भिजवायचे, लोणी आणि पिठीसाखरेत मळून गोळ्या करायच्या आणि कडू चॉकलेटमध्ये बुडवायच्या. म्हणजे दोनदा घालायचा माझा नियम इथे चालणार नाही, घातलेली सगळी बर्बन तशीच राहणार. २०० ग्रॅम पेकानना ६० मिली घेतलीय. बरणी काल रात्री भरली, सकाळी हलवली तेव्हा तळाशी थोडी बर्बन अजून शिल्लक होती. उद्या गोळ्या वळेन.