आधी शिशाकडे बघा

"सातवाहनांची नाणी विकून टाकतो, आता फक्त गोव्याचं ठेवीन." आज पणजीत एका संग्राहकानं असं म्हणत प्लायवूडचा ट्रे पुढे सरकवला. शिशाच्या नाण्यांवर पांढरी भुकटी धरलेली.

तेच डोक्यात राहिलंय. प्लायवूडमधून आम्लाच्या वाफा सुटतात, त्यात आपला पावसाळा. शिसं टिकणार कसं? भुकटी घासू नका, ती विषारी असते. नाणी पॉलिएस्टरच्या पाकिटांत घालून सिलिका जेलसकट पत्र्याच्या डब्यात ठेवा. पीव्हीसीचं पाकीट नको, तांब्यावर हिरवा चिकटा येतो.

विकण्याआधी वजन ०.०१ ग्रॅमपर्यंत घ्या, दोन्ही बाजूंचे फोटो काढा. जुनी चिठ्ठी नाण्यासोबतच जाऊ दे. आणि शंभर वर्षांवरचं नाणं परदेशी गिऱ्हाईकाला पाठवता येत नाही, १९७२ चा कायदा आहे.

बाकी 'गोव्याचं' म्हणजे नेमकं कुठलं? सिंहाची छाप आणि सप्तकोटीश्वराच्या वरप्रसादाचा लेख असलेलं गोव्याच्या कदंब राजांचं गद्याण हे सोन्याचं नाणं खिसा रिकामा करतं. पोर्तुगीजांच्या बझारुक या हलक्या किमतीच्या नाण्यांपासून सुरुवात केलेली बरी, मग त्यांचाच १८८१ चा चांदीचा रुपया. तुम्ही कुठून केली असती?