सिगार, मीठ आणि ६५ टक्के

भाच्याने दुबईहून येताना २५ सिगार आणले आणि सोबत एक सूचना: "मामा, ७० वर ठेव." महिन्या-दोन महिन्यांतून एखादी ओढणारा मी, ७० म्हणजे आर्द्रतेची टक्केवारी, हेही त्यालाच विचारलं.

मग सिगारची लाकडी पेटी आणली. आतून स्पॅनिश सीडर (नाव सीडर, झाड महॉगनीच्या कुळातलं), झाकणात पितळी काट्याचा गोल मीटर. स्पंजात डिस्टिल्ड वॉटर घातलं, काटा ७० वर आला, मी निर्धास्त.

ही जूनमधली गोष्ट, ठाण्यातली. जुलैच्या तिसऱ्या आठवड्यात एक सिगार काढली तर मऊ लागली. चेपलं की बोटाचा खळगा तसाच राही. एका बाजूनेच जळत गेली, ओढून ओढून गाल दुखले, तीनदा विझली. दुसरीचं वरचं पान उकललं होतं. आतला तंबाखू ओल पिऊन फुगतो, वरच्या नाजूक पानाला तेवढं ताणता येत नाही. आणखी दोघींवर पांढरी लव. भाचा फोटो बघून म्हणाला, "ते आतलं तेल बाहेर येतं, चांगलं लक्षण." जवळून पाहिलं तर केसाळ, वास कुबट. कसलं तेल, बुरशी होती. दोन्ही टाकल्या.

मीटर खरं बोलतो का, हे बघायची युक्ती मिठाची. बाटलीच्या झाकणात मीठ, त्यावर थेंब थेंब पाणी. विरघळू द्यायचं नाही, ओल्या वाळूसारखं ठेवायचं. ते झाकण आणि मीटर झिपच्या पिशवीत रात्रभर बंद. ओल्या मिठावरची कोंडलेली हवा ७५ टक्क्यांवर स्थिरावते. सकाळी पितळी काटा ६४ वर, नव्या डिजिटल मीटरवर ७६. म्हणजे पेटीत ७० दिसत होते तेव्हा खरे ८० च्या आसपास.

हा प्रयोग मी कौतुकाने सांगत होतो तर ही म्हणाली, "त्याला मीटर कशाला? बरणीतल्या मिठाला पाणी सुटलंय की आठवडाभर." आणि खरंच, हवा साधारण ७५ च्या वर गेली की मीठ पाझरायला लागतं. घरात पापड सादळत होते आणि मी लाकडी पेटीत स्पंज भिजवत बसलो होतो! ७० चा सल्ला मुळात २१ सेल्सिअसच्या खोलीसाठी, जिथे हिवाळ्यात हीटरने हवा कोरडी पडते तिथला. ठाण्यात २१ मिळतं ते जानेवारीच्या पहाटे. आपल्या २९-३० अंशांत ७० च्या जरा वर सरकलं की बुरशीला आमंत्रणच.

स्पंज फेकला. ओलावा देणाऱ्या आणि शोषणाऱ्याही पुड्या मिळतात, त्या आणल्या; आत क्षाराचं संपृक्त द्रावण, म्हणजे तत्त्व त्या झाकणातल्या मिठाचंच. २५ सिगारला ६० ग्रॅमची एक पुरते. पण लाकडी पेटीची फट ऑगस्टची हवा आत घेतच होती. दहा दिवसांत पुडी पाण्याने टम्म. मग सरळ घट्ट झाकणाचे प्लास्टिकचे दोन डबे घेतले, तळाशी सीडरच्या पट्ट्या.

एका डब्यात हवा ६९ टक्क्यांवर धरणारी पुडी, दुसऱ्यात ६५ ची. तीन आठवडे हात लावला नाही, कारण सिगारला नव्या हवेशी जुळायला तेवढे दिवस लागतात. ६९ वाली चवीला बरी, पण मध्येच पुन्हा पेटवावी लागली. ६५ वाली सरळ जळली, इंचभर राख न पडता टिकली. क्यूबन ओढणारे बरेच जण ६२ ते ६५ च धरतात. माझं ६५ ठरलं.

उष्णतेने आणखी एक भीती, किड्याची. हळकुंडं आणि मिरच्या पोखरतो तोच बारीक तपकिरी किडा. सिगारला टाचणीएवढी भोकं पाडतो. म्हणून सगळ्या पिशवीत घालून तीन दिवस फ्रीझरमध्ये, मग एक दिवस खाली फ्रीजमध्ये, मग बाहेर. एकदम बाहेर काढल्या तर पान तडकतं. फ्रीझरमधल्या मटारशेजारी सिगार बघून घरात काय ऐकावं लागलं ते लिहीत नाही.

आता डब्यात ११ उरल्यात. डिजिटल मीटर ६६ दाखवतो, एक वजा करायचा. भाचा दिवाळीत येतोय. सिगार नकोत, पुड्या आण म्हणून कळवलंय.