म्हशीच्या माजाचं इंजेक्शन: सोमवार ते गुरुवारचं गणित

मे महिन्यात जळगावच्या रावेर-यावलकडे पारा ४४-४५ ला टेकला की म्हशींचा माज मुका होतो. ना ओरडणं, ना अस्वस्थपणा. फार तर पहाटे थोडा चिकट सोट दिसतो. मग गोठ्यातून एकच मागणी येते, "डॉक्टर, माजाचं इंजेक्शन द्या."

ते एक इंजेक्शन नसतं, ठरल्या वेळी द्यायची तीन इंजेक्शनं असतात. त्यातली दोन शरीरातल्या जीएनआरएच या हार्मोनची नक्कल असतात. मुळात जीएनआरएच हा अवघ्या १० अमिनो आम्लांचा हार्मोन. मेंदूच्या तळाशी हायपोथॅलॅमसमधून तो ठरावीक अंतराने सुटतो आणि पिट्यूटरी ग्रंथीला एलएच, म्हणजे स्त्रीबीज सुटायला लावणारा हार्मोन, सोडायला लावतो. त्याची रचना उलगडणाऱ्या शॅली आणि गिलमाँ यांना १९७७ चं नोबेल मिळालं. नैसर्गिक रेणू रक्तात काही मिनिटांतच तुटतो, म्हणून त्यात बदल करून केलेलं बुसेरेलिन वापरतात.

ओव्हसिंक, म्हणजे ठरल्या वेळी स्त्रीबीज सोडवून रेतन करायच्या पद्धतीत, सोमवारी संध्याकाळी ५ ला बुसेरेलिन १० मायक्रोग्रॅम. बाटली मिलीला ४ मायक्रोग्रॅमची असेल तर अडीच मिली. पुढच्या सोमवारी ५ ला क्लोप्रोस्टेनॉल ५०० मायक्रोग्रॅम. बुधवारी ५ ला पुन्हा बुसेरेलिन. गुरुवारी सकाळी ९ च्या सुमारास, म्हणजे १६ तासांनी, रेतन. माज दिसो वा न दिसो, वेळ पाळायची. दुसऱ्या बुसेरेलिननंतर साधारण २४ ते ३२ तासांत स्त्रीबीज सुटतं आणि वीर्य त्याआधी पोचलेलं हवं. "शुक्रवारी सवडीने भरू" म्हटलं की जनावर उलटलंच, म्हणजे गाभण न राहता पुन्हा माजावर आलंच.

मधलं इंजेक्शन, म्हणजे क्लोप्रोस्टेनॉल, पीतपिंड (स्त्रीबीज सुटल्यावर बीजांडकोशावर तयार होणारी, प्रोजेस्टेरॉन बनवणारी गाठ) विरघळवतं. पीतपिंडच नसेल तर त्याला काम उरत नाही. म्हणून कडक उन्हाळ्यात बीजांडकोश थंड पडलेल्या म्हशीला नुसतं ओव्हसिंक फार थोडं देतं. पहिले सात दिवस योनीत प्रोजेस्टेरॉनचं साधन ठेवलं तर फळ बरंच सुधारतं. बरगड्या दिसणारी म्हैस असेल तर आधी खनिज मिश्रण, सरकी पेंड, दुपारी पाणी आणि सावली. हार्मोन उपाशी पोटाची भरपाई करत नाही, हे आग्रहाने सांगावंसं वाटतं.

आणि सुरू करण्याआधी गाभणतपासणी कराच. गाभण जनावराला मधलं इंजेक्शन गेलं तर गर्भपात होतो. तेच औषध कातडीतूनही शोषलं जातं. गरोदर बाईने किंवा दम्याच्या माणसाने ती बाटली हाताळू नये. सांडलं तर लगेच साबणाने धुवा.