ऊन चढायच्या आत: शामोनी ते झेर्माट, हिमनदीवरून

पानठेल्यावर बातमी फुटली तेव्हा पहिला प्रश्न आला, "कायले जाऊन रायला बे तिकडे? बर्फच पाहाचा असन तं फ्रिज उघळ!" त्यावर सगळे हसले, मीही हसलो. वरूड तालुक्यातला संत्रावाला, वय बावन्न, मे महिन्यात पंचेचाळीस अंशांत राहणारा माणूस आल्प्समध्ये हिमनदीवर चालणार म्हटल्यावर दुसरं काय होणार?

पोरगी जिनिव्हात नोकरीला आहे. दोन वर्षं तिचं टुमणं चालू होतं, "बाबा, एकदा या. पण सहा महिने आधीपासून चाला." फ्रान्समधल्या शामोनीपासून स्वित्झर्लंडमधल्या झेर्माटपर्यंत जाणाऱ्या वाटेला तिकडे 'ओत रूत' म्हणजे उंचावरची वाट म्हणतात. खोऱ्याखोऱ्यांतून जाणारी तिची एक सोपी बहीण आहे. तिला दोर लागत नाही, गाइडही लागत नाही. आम्ही घेतली ती हिमनद्यांवरून जाणारी. रोज एका हटमधून, म्हणजे डोंगरातल्या मुक्कामाच्या घरातून निघायचं, दुपारपर्यंत पुढच्या हटमध्ये पोचायचं, असे सहा दिवस. आम्ही पाच जण आणि एक गाइड. मी, पोरगी, एक डच जोडपं आणि बेल्जियमच्या एक शाळामास्तरीणबाई.

पेरणी उरकून पहिली डवरणी झाली आणि जुलैच्या शेवटी निघालो. पोळ्याच्या आत परत यायचं कबूल केलं होतं. यंदा नागद्वार मात्र चुकलं.

नागद्वारची आठवण मुद्दाम काढतोय, कारण आपल्याकडच्या ज्यांनी ती यात्रा केली त्यांना हा ट्रेक वाटतो तेवढा परका नाही. पचमढीच्या डोंगरात पावसात चालायचं, लोखंडी शिड्या चढायच्या, रात्री कुठल्या तरी मंडळाच्या मंडपात वरण-भात खाऊन अनोळखी भगतांच्या रांगेत आडवं व्हायचं. आल्प्समधली हट म्हणजे तेच, फक्त गादी मऊ आणि बिल जड. तयारीही मी घरच्या घरीच केली. पाठीवरच्या बॅगेत दहा किलो तूर भरून आठवड्यातून तीनदा सालबर्डीचा डोंगर आणि महिन्यातून एकदा चिखलदरा. चढ जमतो हो. गुडघे जातात ते उतारावर, तेव्हा उतरायचा सराव जास्त करा. बूट तिकडे जाऊन नवे घेऊ नका. क्रॅम्पॉन, म्हणजे बर्फात रुतणारे खिळ्यांचे सांगाडे, खाली बसतील असे कडक तळाचे बूट लागतात. ते भाड्याने मिळतात, पण पाय तुमचे आणि बूट दुसऱ्याचे ही जोडी सहा दिवस चालवणं कठीण जातं. मी भाड्याचेच घेतले. तिसऱ्या दिवशी दोन्ही टाचांना फोड. क्रॅम्पॉन, हार्नेस (दोर अडकवायचा कमरेचा पट्टा) आणि बर्फाची कुऱ्हाड मात्र शामोनीत खुशाल भाड्याने घ्या.

पहिल्या दिवशी ले तूर गावावरून आल्बेर प्रेमिए हट, उंची २,७०२ मीटर. आपला चिखलदरा ११०० च्या आसपास, म्हणजे पहिल्याच रात्री त्याच्या दुपटीहून वर झोपलो. डोकं थोडं दुखलं. दुपारी गाइडने हटजवळच्या हिमनदीवर नेऊन क्रॅम्पॉन घालून चालायला शिकवलं. पाय थोडे फाकवून टाकायचे, तळाचे सगळे खिळे एकदम रुतले पाहिजेत. मी पाय जवळ टाकला आणि डाव्या पायाच्या खिळ्याने उजव्या पायाची पँट गुडघ्यापर्यंत फाडली. सुईदोरा सोबत ठेवा. चिकटपट्टी असेल तर आणखी बरं.

साडेतीनला उठवलं. डच गडी कुरकुरत होता, "एवढ्या लवकर का?" मला मात्र यात काही नवल वाटलं नाही. आम्ही मे महिन्यात पहाटे चारला वावरात जातो आणि दहाच्या आत परततो, कारण पुढचं ऊन माणसाला उभं राहू देत नाही. इथंही तेच. हिमनदी म्हणजे वर्षानुवर्षांचा बर्फ दबून झालेला, हळूहळू खाली सरकणारा जाड थर. खालचा खडक जिथं वाकतो तिथं वरचा बर्फ फाटतो आणि भेगा पडतात. त्या भेगांवर हिवाळ्यातल्या हिमाचे पूल तयार होतात. रात्री थंडीनं गोठले की ते माणसाला पेलतात, ऊन चढलं की भुसभुशीत होतात. म्हणून अंधारात निघायचं आणि सूर्य डोक्यावर यायच्या आत पलीकडे पोचायचं. ऊन इथंही वैरीच आहे, फक्त वार करायची रीत निराळी.

हिमाखाली भेगा झाकल्या असतील तिथं सगळे एका दोराला. दोन माणसांत आठ-दहा मीटर अंतर, आणि दोर ढिला सोडायचा नाही. फोटोसाठी थांबलात तर मागचा तुमच्याजवळ येतो, दोर लोंबतो, आणि पुढचा भेगेत गेला तर झटका झेलायला कोणी तयार नसतं. मी दोरावर एकदा क्रॅम्पॉनसकट पाय दिला. गाइड ओरडला नाही, नुसता थांबून माझ्याकडे बघत राहिला. गड्याने चुकून विळा पालथा टाकला की आमचे बाबा असेच बघायचे.

कोल स्युपेरियर द्यू तूर ही खिंड ३,२८९ मीटरवर. पलीकडे त्रियाँचं पठार. फ्रान्स मागे पडला, स्वित्झर्लंड सुरू झाला. ना पाटी, ना चौकी, नुसतं पांढरं रान. डोळे दिपणं म्हणजे काय ते तिथं कळलं. 'कॅटेगरी ४' लिहिलेला, बाजूने झाकलेला चष्मा घ्या, यात काटकसर नको. आणि आपल्याला उन्हाची सवय आहे या भ्रमात राहू नका. मी राहिलो. हिमावरून उजेड खालून वर येतो, त्यामुळे हनुवटीखालचं, नाकपुड्यांच्या आतलं, ओठांचं कातडं भाजलं. मग बॅगेतून आपला सुती दुपट्टा काढला आणि उन्हाळ्यात मोटारसायकलवर बांधतो तसा तोंडाला गुंडाळला. सगळे हसले. दुसऱ्या दिवशी बेल्जियमच्या बाईंनी विचारलं, "आणखी एक आहे का?" दोन न्या.

शाँपे गावात उतरून मुक्काम केला, मग गाडीने मोव्वाझाँ धरणाशी. अडीचशे मीटर उंच काँक्रीटची भिंत. आमचं अप्पर वर्धा लांबीला दांडगं, पण हे खाली वाकून पाहिलं की पोटात गोळा येतो. या खोऱ्याची एक गोष्ट गाइडने चालता चालता सांगितली आणि मला ती सगळ्या शिखरांपेक्षा आवडली. वरच्या जिएत्रो हिमनदीतून बर्फ कोसळून नदी अडली आणि मोठं तळं तयार झालं. व्हेनेत्स नावाच्या इंजिनिअरने त्या बर्फातून बोगदा खोदून पाणी हळूहळू सोडायचा प्रयत्न केला. बरंचसं सुटलंही, पण १६ जून १८१८ ला बांध फुटला आणि खाली चाळीसेक माणसं गेली. याच खोऱ्यातल्या लूर्तिए गावात पेरोदाँ नावाचा शिकारी राहायचा. खडकांवरचे ओरखडे आणि भलत्याच ठिकाणी पडलेले धोंडे पाहून तो म्हणायचा, कधीकाळी हे अख्खं खोरं बर्फानं भरलेलं असणार. १८१५ मध्ये त्याने हे शार्पाँतिए नावाच्या खाणतज्ज्ञाला सांगितलं, त्याला ते पटलं नाही. व्हेनेत्सला पटलं. पुढे शार्पाँतिएलाही पटलं, आणि १८३७ मध्ये आगासी नावाच्या शास्त्रज्ञाने विद्वानांच्या सभेत हिमयुग मांडलं तेव्हा जगाने ऐकलं. पाणाड्याचं कोणी ऐकत नाही, भूजलवाल्यांचा अहवाल आला की ऐकतात, तसंच.

शाँरियों हटमधून (२,४६२ मीटर) निघून ओतेमा हिमनदीवर चढलो. खालच्या भागात हिम नाही, उघडा, करडा, कठीण बर्फ. याला ते लोक 'कोरडी' हिमनदी म्हणतात. भेगा डोळ्यांना दिसतात, म्हणून दोर लागत नाही. पण कोरडी कसली? सकाळी आठ वाजल्यापासून तिच्या अंगावरून ओहोळ वाहत होते, कुठं कुठं बर्फातल्या विहिरीसारख्या भोकात पाणी घर्रर्र आवाज करत पडत होतं. मी ड्राय झोनमधला माणूस. आमच्याकडे हजार फूट बोअर मारून धूळ निघालेली मी पाहिली आहे. एवढं पाणी नुसतं वाहून जाताना पाहून आधी आनंद झाला, मग गाइडने एका कड्यावरची जुनी रेघ दाखवली. त्याच्या तरुणपणी बर्फ तिथपर्यंत होता. २०२२ आणि २०२३ या दोन वर्षांतच स्वित्झर्लंडच्या हिमनद्यांनी आपल्या बर्फातला दहावा हिस्सा गमावला. जवळजवळ तासभर कोणी बोललं नाही.

विन्येत हट ३,१५७ मीटरवर, कड्याच्या अगदी काठाला. पायऱ्या चढून आत गेलं की बूट रॅकवर, पायात हटच्या सपाता. आता हटचे व्यवहार सांगतो. एकाच लांब फळीवर सगळ्यांच्या गाद्या. पांघरूण मिळतं, पण आत घालायची पातळ चादरीची पिशवी आपली लागते. कानात घालायला बोळे न्या. उंचावरच्या हटमध्ये नळ असेलच असं नाही. हिम वितळवून नाहीतर हेलिकॉप्टरने पाणी येतं, म्हणून दीड लिटरच्या बाटलीला दहा-बारा फ्रँक पडतात. चहा भरून घ्या, तो स्वस्त पडतो. रात्रीचं जेवण, सकाळची न्याहारी आणि झोपायची जागा मिळून ऐंशी ते शंभर फ्रँक, आणि आम्ही गेलो तेव्हा एक फ्रँक शंभर रुपयांच्या आसपास होता. रोख ठेवा. शाकाहारी असाल तर बुकिंगच्या वेळीच सांगा, पोचल्यावर सांगून उपयोग नाही. सूप, पास्ता, बटाटे, सगळं पोटभर आणि सगळं सपक. जवसाच्या चटणीची पुडी नेली होती म्हणून निभावलं. डच जोडप्यानं तीही अर्धी संपवली.

पुढचा बेत बेर्तोल हट आणि मग हिमनदीवरून झेर्माटच्या बाजूला उतरायचं, असा होता. पहाटे तीनला गाइड बाहेर गेला, मीही मागे गेलो. रात्रभर आभाळ झाकलेलं होतं, हिम गोठलंच नव्हतं. त्याने टाच आपटली, बूट घोट्यापर्यंत आत. दहा पावलं पुढे जाऊन पुन्हा आपटली. परत आला आणि म्हणाला, "नाही."

डच गडी चिडला. पैसे भरलेत, आकाश मोकळं होतंय, बाकीचा एक गट निघालाय. गाइडने वाद घातला नाही. एवढंच म्हणाला की पुढच्या उतारावर भेगा उघडल्या आहेत आणि आजचे पूल त्याला पसंत नाहीत. मला मृगाचा पहिला पाऊस आठवला. अख्खं गाव तिफण जुंपायचं आणि आमचे बाबा बांधावर बसून मातीत बोटं खुपसायचे. ओल दुसऱ्या पेरापर्यंत गेली नसेल तर म्हणायचे, "थांब." दोन-तीनदा शेजाऱ्यांची दुबार पेरणी झाली, आमची नाही. आणि ही जागा खेळण्याची नाही. २०१८ च्या एप्रिलअखेर याच हटपासून काही शे मीटरवर एक गट वादळात रात्रभर अडकला आणि सात जण गेले. २०२३ च्या ऑगस्टात तर शून्य अंशाची पातळी, म्हणजे ज्या उंचीच्या वर हवा शून्याखाली जाते ती, ५,२९८ मीटरवर गेली होती, आल्प्समधल्या सगळ्यात उंच मों ब्लाँ शिखराच्याही वर. अशा दिवसांत वरच्या उंचीवरही नीट गोठत नाही. जायचंच तर जुलैच्या पहिल्या पंधरवड्यात जा, आमच्यासारखं शेवटी नको. शेतकऱ्याला ते जमणं कठीण, हे मला कळतं.

गाइड निवडताना पर्वत-गाइडांच्या आंतरराष्ट्रीय संघटनेचा बिल्ला आहे का ते बघा, आणि वाट अर्ध्यात सोडली तर पैशाचं काय, हे आधी लिहून घ्या. आम्हाला काही परत मिळालं नाही. शेंगेन व्हिसासाठी तीस हजार युरोंचा विमा लागतोच, पण त्यात डोंगरातला हेलिकॉप्टर-बचाव असेलच असं नाही, तो वेगळा काढा. व्हिसा जास्त रात्री जिथं राहणार त्या देशाचा, म्हणजे इथं स्वित्झर्लंडचा.

आरोलाला उतरलो. बसने सियों, मग रेल्वेने फिस्प आणि तिथून झेर्माट. गावात पेट्रोलच्या गाड्या नाहीत, इतकं शांत की आपल्याच काठीचा आवाज येतो. गावावरचा प्रसिद्ध सुळका, माटरहॉर्न, पूर्ण ढगात होता. दुकानांतल्या चॉकलेटच्या डब्यांवर तेवढा दिसला. पोरगी हळहळली. मी म्हटलं, "पहाटे पाहू." साडेपाचला खिडकी उघडली तर समोर उभा, टोक तांबूस. तिला हलवून उठवलं. साडेआठला न्याहारी करून बाहेर आलो तोवर पुन्हा ढगात गेला होता, आणि नुकतेच उठलेले पर्यटक पुलावर कॅमेरे घेऊन वर बघत उभे होते.